समोर दिसणारं बेट इतकं लांब का?

२०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आठवत असेल. २९ जूनला बार्बाडोसमध्ये आपण अंतिम सामना जिंकलो आणि मग संघ तिथेच अडकून पडला. बेरिल चक्रीवादळ येत होतं, विमानतळ बंद झाला होता. शेवटी खास विमान पाठवावं लागलं. ते ४ जुलैला सकाळी दिल्लीत उतरलं आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघायचा: "विमान नाही तर नाही. बोटीनं शेजारच्या बेटावर जायचं, तिथून विमान पकडायचं. अडलंय कुठे?"

वादळात बोटही सुटत नाही, हे झालंच. पण आकाश निरभ्र असतं तरी त्या बेताचं काही झालं नसतं. बार्बाडोसहून शेजारच्या देशात जाणारी नेहमीची प्रवासी बोटच नाही. नकाशात ही बेटं अशी दिसतात की एकावरून दुसऱ्यावर लंगडी घालत जावं; प्रत्यक्षात बार्बाडोस ओळीतून बाहेर पडून एकटंच अटलांटिकात उभं आहे आणि जवळात जवळचं बेट दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे.

आपली फसगत व्हायला 'वेस्ट इंडीज' हे नावही कारणीभूत आहे. १९७१ च्या दौऱ्यातल्या गावसकरांच्या ७७४ धावा आणि सरदेसाईंचं किंग्स्टनचं द्विशतक आपल्याकडे लोकांना पाठ असतं. पण वाडेकरांच्या त्या संघानं जिथे कसोट्या खेळल्या, त्यातल्या किंग्स्टन आणि ब्रिजटाऊन या दोन गावांमध्ये सुमारे १,९०० किलोमीटर अंतर आहे, हे कुणी सांगत नाही. मुंबईहून कोलकाता याहून जवळ. वेस्ट इंडीज हा देश नव्हे. डझनभर वेगवेगळ्या ठिकाणच्या खेळाडूंनी क्रिकेटपुरतं मिळून काढलेलं ते एक बिऱ्हाड आहे.

तेव्हा जमैकासारख्या लांबच्या बेटांचं सोडून देऊ. अँटिग्वापासून ग्रेनेडापर्यंत छोट्या बेटांची जी कमान आहे, तिथलं बघू. तिथे खरोखरच एका बेटाच्या टेकडीवर उभं राहिलं की दुसरं बेट दिसतं. तरीही तिथे पोचायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी अख्खा दिवस. हे दोन गोष्टींवर ठरतं: वारा कुठून येतो आणि समोरच्या धक्क्यावर झेंडा कुणाचा आहे.

आधी वारा

शाळेत पूर्वीय वारे शिकलो होतो, व्यापारी वारेही म्हणतात त्यांना. ते इथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इथपर्यंत साडेचार हजार किलोमीटर उघडा समुद्र, मध्ये अडवायला काही नाही. एवढ्या पल्ल्यात लाट चांगली पोसली जाते आणि ती येऊन आदळते ती बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर. पश्चिमेचा किनारा डोंगराच्या आडोशाला राहतो, तिथलं पाणी तळ्यासारखं. सह्याद्रीमुळे कोकण भिजतं आणि देश कोरडा राहतो, तोच हिशेब. फक्त इथे वारा उलट्या दिशेनं येतो आणि पावसाइतकाच तो लाटांनाही लागू होतो.

एकदा हे कळलं की नकाशा वेगळाच दिसायला लागतो. डॉमिनिकाची राजधानी रोझो, सेंट लुशियाची कॅस्ट्रीज, सेंट व्हिन्सेंटची किंग्सटाऊन, ग्रेनेडाची सेंट जॉर्जेस, मार्टिनिकची फोर्ट-द-फ्रान्स, एकूण एक पश्चिमेच्या अंगाला. शिडाच्या जहाजांना नांगर टाकायला आडोसा हवा होता. तिथे धक्के झाले, धक्क्यांभोवती गावं झाली. आजच्या फेरीबोटीही तिथूनच सुटतात.

त्यामुळे होतं काय, की बोट सुटते तेव्हा सगळे खुशीत असतात. किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला जाताना पहिला अर्धा-पाऊण तास चहाचा कप हिंदकळत नाही. मग बेट संपतं. दोन बेटांच्या मधली जागा म्हणजे घाटातली खिंड. सगळा वारा तिथूनच निघायला बघतो, त्यामुळे त्याचा जोर वाढतो, आणि आडोसा गेल्यामुळे अटलांटिकची लाट थेट कुशीवर येते. मघाशी फोटो काढणारी मंडळी एकाएकी गप्प होतात. खलाशी शांतपणे पिशव्या वाटत फिरतो. पुढच्या बेटाचा आडोसा मिळाला की दहा मिनिटांत पुन्हा सगळं जागेवर.

ज्यांना गाडी लागते त्यांना इथे बोट लागणारच. गोळी सुटण्याआधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे बसावं, कारण तिथे हालचाल सगळ्यात कमी. फोनमध्ये डोकं घालू नये, क्षितिजाकडे बघावं. या मार्गांवर आता बऱ्याचदा जुळ्या सांगाड्याची वेगवान कॅटामरान असते. दोन अरुंद सांगाडे पाणी कमी ढकलतात, म्हणून ती जोरात पळते. पण उधाणात जुनं जड जहाज सावकाश डुलतं, तर ही हलकी बोट झटके देते. वेळ वाचतो, पोटाला हिशेब द्यावा लागतो.

दिशेनंही फरक पडतो. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला जाणारी बोट वाऱ्याच्या तोंडावर जाते, येताना वारा पाठीशी. तीन-चार तासांचा तोच प्रवास जाताना जास्त आदळतो. आणि हंगामाबद्दल एक उलटंच आहे. पर्यटक येतात ते डिसेंबर ते मार्च, कारण पाऊस नाही, वादळं नाहीत. पण पूर्वीय वाऱ्यांचा जोर नेमका तेव्हाच असतो; नाताळाच्या सुमाराच्या वाऱ्यांना तिथे 'ख्रिसमस विंड्स' असं नावच आहे. म्हणजे आकाश सगळ्यात निळं तेव्हा समुद्र सगळ्यात खवळलेला. आपल्याला पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होण्याची सवय, त्यामुळे ऊन पडलंय म्हणजे समुद्र शांत, असं आपण धरून चालतो. इथे ते चालत नाही.

(या वाऱ्यानं नावांचाही घोळ घातलाय. इंग्रजांच्या वाटणीत उत्तरेकडची बेटं 'लीवर्ड', म्हणजे आडोशाची, आणि दक्षिणेकडची 'विंडवर्ड', वाऱ्याकडची. डचांची वाटणी निराळी. त्यामुळे साबा हे एकच बेट इंग्रजांच्या लेखी आडोशाला आणि डचांच्या लेखी वाऱ्यावर.)

अंतर थोडं म्हणजे धोका थोडा, असंही नाही. सेंट किट्स आणि नेव्हिस हा एकच देश; दोन बेटांमधली सामुद्रधुनी जेमतेम तीन किलोमीटर रुंद. १ ऑगस्ट १९७० ला सुट्टीच्या गर्दीत 'क्रिस्टीना' ही सरकारी फेरीबोट सेंट किट्सच्या बॅसटेरहून नेव्हिसच्या चार्ल्सटाऊनला निघाली. क्षमता दीडशेच्या आसपास, चढले होते तीनशेहून जास्त. दोन्ही बेटं डोळ्यांसमोर असताना ती बुडाली आणि २३३ माणसं गेली. नेव्हिससारख्या चिमुकल्या बेटावर हे म्हणजे घरटी कुणी ना कुणी. आपल्याकडे दुर्लक्ष होतं ही नेव्हिसकरांची जुनी नाराजी. तिला या घटनेनं धार आली. १९९८ मध्ये वेगळं होण्यासाठी तिथे सार्वमत झालं, सुमारे ६२ टक्के लोकांनी 'वेगळे होऊ' म्हटलं, पण दोन-तृतीयांश मतं लागत होती. आज त्या सामुद्रधुनीत मोटारी नेणारी बोटही चालते.

तोच वारा विमानाला कामी येतो

बोटीला छळणारा हा वारा छोट्या विमानाचा मात्र जिवलग. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि इथे वाऱ्याची दिशा सहसा बदलत नाही. म्हणून अँटिग्वा, बार्बाडोस, ग्रेनेडा, त्रिनिदाद, कुठलीही मुख्य धावपट्टी बघा, ती साधारण पूर्व-पश्चिम आखलेली दिसेल.

याचा कळस म्हणजे साबा. सेंट मार्टिन बेटाच्या डच भागाहून, म्हणजे सिंट मार्टेनहून, बारा-पंधरा मिनिटांवरचं हे डच बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा सुळका. विमान उतरवायला सपाट जागाच नाही, असं सगळे म्हणत होते. रेमी द हेनन या वैमानिकानं १९५९ मध्ये तिथल्या एका टोकावर, लोकांनी हातांनी दगड वेचून साफ केलेल्या तुकड्यावर विमान उतरवून दाखवलं आणि १९६३ मध्ये रीतसर विमानतळ झाला. धावपट्टी ४०० मीटर. शाळेत आपण धावायचो त्या मैदानाची एक फेरी सरळ करून ठेवली की झालं! मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या आठपट आहे. दोन्ही टोकांना कडा, कड्याखाली समुद्र.

इथे उतरतं ते ट्विन ऑटर, १९६५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं एकोणीस आसनांचं पंख्याचं विमान. उतरताना त्याचा वेग ताशी साधारण १३० किलोमीटर धरा. समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबानं तो वेग राहतो ९३. थांबायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे वेग पाऊणपटीच्या आसपास आला की जागा जवळपास निम्मी पुरते. त्यात चाकं टेकताच पंख्यांची पाती उलटी वळवून हवा पुढे फेकता येते. एवढ्यावर ते ४०० मीटर पुरून उरतात. वैमानिकांच्या मागेच बसला असाल, तर मधल्या मोकळ्या जागेतून समोरची काच दिसते, आणि काचेत धावपट्टी दिसायच्या आधी बराच वेळ नुसता डोंगर दिसतो. मग विमान डावीकडे कलतं, डोंगर बाजूला सरकतो, चाकं टेकतात, पंखे गुरगुरतात आणि तुम्ही हुश्श म्हणेपर्यंत ते अर्ध्या पट्टीत थांबलेलं असतं. वारा नेहमीची दिशा सोडून डोंगरावरून येऊ लागला, तर मात्र विमान येतच नाही. मग सव्वा-दीड तासाची बोट, ती चालू असली तर.

या छोट्या विमानांचे काही नियम नव्या माणसाला अपमानास्पद वाटतात. काउंटरवर बॅगेबरोबर तुम्हालाही काट्यावर उभं करू शकतात. एकोणीस नाहीतर नऊ माणसांच्या विमानात चार धिप्पाड माणसं मागे बसली तर तोल बिघडतो, म्हणून कुणी कुठे बसायचं हेही तेच सांगतात. वजन जास्त झालं की आधी बॅगा खाली राहतात. त्या पुढच्या फेरीनं येतात किंवा उद्या. औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे ते यासाठी.

दुसरा नियम सूर्याचा. साबा आणि सेंट बार्थेलेमी इथे अंधारात विमान उतरत नाही. सेंट बार्थची धावपट्टीही छोटी, साडेसहाशे मीटर. एका टोकाला टेकडीचा खांदा, दुसऱ्या टोकाला पुळण. युरोपातून येणारं तुमचं मोठं विमान सिंट मार्टेनला दोन तास उशिरा टेकलं, तर पुढचं दहा मिनिटांचं उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी. परतीचंही तेच. शेवटच्या छोट्या बेटावरून निघणं आणि मोठं विमान पकडणं यांच्यामध्ये एक मुक्काम ठेवावा. हे मी कुणालाही सांगतो, आणि कुणीही ऐकत नाही.

भाडं का एवढं? उतरणं आणि चढणं यातच इंधन आणि इंजिनाची झीज जास्त, आणि वीस मिनिटांच्या प्रवासात त्याखेरीज असतं काय? दोन वैमानिकांचा पगार आपल्याकडे पावणेदोनशे प्रवाशांत वाटला जातो, इथे एकोणिसांत. पन्नास-सत्तर हजार वस्तीचे देश, त्यामुळे रोज विमान भरायला माणसं नाहीत. वर विमानतळांचे कर. १९५६ मध्ये मॉन्सेरात बेटावर सुरू झालेली 'लिएट' ही कंपनी दशकानुदशकं या बेटांची एसटी होती. उशिरासाठी लोक तिला भरपूर नावं ठेवायचे. तिच्या आद्याक्षरांचा 'लीव्ह आयलंड एनी टाइम' असा अर्थ लावायचे. २०२० मध्ये साथीच्या काळात ती कोसळली, आणि मग जवळच्या बेटावर जायला लोकांना लांबचे वळसे पडू लागले, तेव्हा तिची खरी किंमत कळली. पुढे नव्या रूपात ती पुन्हा सुरू करावी लागली. त्रिनिदाद-टोबॅगोत मात्र देशांतर्गत विमानाला आणि बोटीला सरकार पैसे देतं. त्यांना 'एअर ब्रिज' आणि 'सी ब्रिज' म्हणतात, आणि पुलाला टोल थोडाच असावा, हे तिथल्या लोकांना मान्य आहे.

मग झेंडा

सेंट मार्टिन या छोट्याशा बेटाची फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी १६४८ मध्ये वाटणी केली. आज त्या सीमेवर एक पाटी आणि एक स्मारक आहे. मोटार न थांबवता तुम्ही एका देशातून दुसऱ्यात जाता. त्याच बेटावरच्या मारिगोच्या धक्क्यावरून समोर अँग्विला दिसतं, वीस-पंचवीस मिनिटांची बोट. पण अँग्विला ब्रिटिश. धक्क्यावर पासपोर्टची रांग, निघण्याचा कर, उतरल्यावर पुन्हा रांग, युरो जाऊन डॉलर, आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून एकदम डावीकडे. अंतर मोजायचं तर असं मोजायचं.

ग्वादलूप आणि मार्टिनिक हे फ्रान्सचेच प्रांत. तिथून पॅरिस म्हणजे देशांतर्गत विमान. त्या दोघांच्या मधोमध डॉमिनिका, स्वतंत्र देश. उत्तर-दक्षिण जाणारी फ्रेंच फेरीबोट डॉमिनिकाला लागते आणि खाली सेंट लुशियापर्यंत जाते, त्यामुळे चार बेटांत दोन स्वतंत्र देश आणि एक फ्रान्स असा हा मार्ग आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी इथे एक सापळा आहे. डॉमिनिका, ग्रेनेडा, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे थोड्या दिवसांसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचे असले तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, नाहीत. पॅरिसचा व्हिसा आपोआप तिथे चालत नाही, त्यासाठी वेगळी नोंद लागते. व्हिसा न लागणाऱ्या दोन बेटांच्या मधलं बेट तुम्हाला धक्क्यावरून परत पाठवू शकतं. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देशाचं संकेतस्थळ बघावंच.

हे झेंडे एकत्र करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९५८ मध्ये दहा ब्रिटिश वसाहतींचा वेस्ट इंडीज महासंघ झाला. बेटं जोडायला जहाजं हवीत म्हणून कॅनडानं १९६१ मध्ये 'फेडरल मेपल' आणि 'फेडरल पाम' अशी दोन जहाजं भेट दिली. त्याच वर्षी जमैकानं सार्वमतात अंग काढून घेतलं आणि १९६२ मध्ये महासंघच मोडला. जहाजं मात्र पुढेही काही वर्षं, नावात 'फेडरल' मिरवत, बेटाबेटाला जात राहिली.

आणखी एकदा हे जमलं ते क्रिकेटमुळे. २००७ च्या विश्वचषकासाठी दहा देशांनी साडेतीन महिन्यांपुरता एक व्हिसा काढला. पहिल्या बेटावर एकदा शिक्का, मग कुठेही फिरा. भारतीय प्रेक्षकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आपला संघ पोर्ट ऑफ स्पेनमध्येच बाद झाला. स्पर्धा संपली आणि रांगाही परत आल्या.

वारा आणि झेंडा एकाच दिवसात बघायचे असतील तर ग्रेनेडाहून त्याच देशाच्या कॅरिआकू बेटावर जावं. सेंट जॉर्जेसच्या गोलाकार बंदरातून बोट निघते. दीड-दोन तासांतला पहिला भाग ग्रेनेडाच्या हिरव्या डोंगराच्या आडोशानं. उत्तर टोक ओलांडलं की समुद्र उठतो, आणि तिथेच पाण्याखाली 'किक-एम-जेनी' नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यापासून दीड किलोमीटरच्या आत एरवीही जहाजांना मनाई. २०१५ सारखी हालचाल वाढली की ते वर्तुळ पाच किलोमीटरचं होतं आणि बोटी लांबून वळसा घेतात.

कॅरिआकूच्या ईशान्येला विंडवर्ड नावाचंच गाव आहे. तिथे अजून किनाऱ्यावर, झाडाखाली, लाकडी बोटी बांधतात. गावासमोर युनियन आयलंडची टोकदार शिखरं अगदी हाताशी दिसतात, पण ते सेंट व्हिन्सेंटचं, दुसरा देश. रोहितच्या संघाला ज्यानं बार्बाडोसमध्ये अडकवलं, ते बेरिल १ जुलै २०२४ ला याच दोन बेटांवरून गेलं आणि दोन्हीकडची बहुतेक घरं छपराविना उभी राहिली. आज सकाळी विंडवर्डहून युनियनला जायचं असेल, तर लहान बोटवाला तयार असतो. पण आधी हिल्सबरोला, कॅरिआकूच्या मुख्य गावी, जाऊन पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, आणि तो साहेब कामाच्या वेळेतच भेटतो.